गाठीतला मेद आणि इम्युनोथेरपी: काहींनाच का लागू पडते?

पेशीपुराण

ज्यांच्या घरात कर्करोग शिरलाय त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीच्या औषधांची नावं आता तोंडपाठ असतात. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, गाठ तो दाबून धरते, औषध तो सोडवतं. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल मिळालं तेव्हा इथवरची गोष्ट वर्तमानपत्रांतही येऊन गेली. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ब्रेक सोडवूनही बऱ्याच जणांच्या गाठीतल्या टी पेशी ढिम्म हलत नाहीत. डोकं-मानेच्या पसरलेल्या कर्करोगात एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबने गाठ ठळकपणे आकसते ती पाचातल्या एखाद्या रुग्णात, किंवा त्याहूनही कमी जणांत.

कारणं बरीच आहेत. हा धागा त्यातल्या एकावर: गाठीच्या आतला मेद. मी डॉक्टर नाही, टी पेशींवर प्रयोगशाळेत काम करतो. त्यामुळे 'आमच्या पेशंटला काय द्यावं' हे मला विचारू नका, विचारलंत तरी सांगणार नाही.

कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखी खातात हे ओटो वॉरबुर्गने १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. पेट स्कॅन त्याच सवयीवर चालतो. पण गाठीत ग्लुकोज संपत आली की बाकीच्या पेशींनी जगायचं कशावर? तिथे मेद भरपूर असतो: फॅटी ॲसिड, कोलेस्टेरॉल, रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण, आणि ऑक्सिडेशन होऊन बिघडलेला मेद. हा मेद कोण आत घेतं आणि घेतल्यावर त्याचं काय होतं, यावर बरंच काही ठरतं.

सीडी३६ हे प्रथिन यातलं महत्त्वाचं पात्र. पेशीच्या पृष्ठभागावर बसून ते मेद आत ओढतं. गाठीतल्या ज्या टी पेशी इतर टी पेशींना आवर घालतात त्या ट्रेग. (यांच्यावरच्या मूळ कामाला २०२५चं नोबेल मिळालं: मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची.) स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या पिंग-चिह हो यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की गाठीत शिरलेल्या ट्रेग सीडी३६ वाढवतात, मेद जाळतात आणि त्या खराब हवेत मजेत जगतात. उंदरांत ट्रेगचं सीडी३६ काढलं तर गाठीतल्या ट्रेग कमी झाल्या, बाकी शरीरातल्या जवळपास शाबूत राहिल्या, आणि पीडी-१ विरोधी औषधाचा गुण वाढला.

आता मारेकरी टी पेशी, म्हणजे सीडी८. त्याही गाठीत गेल्यावर सीडी३६ वाढवतात, पण त्यांना ते सोसत नाही. २०२१ मध्ये दोन वेगळ्या गटांनी, एक सुझन केक यांचा आणि दुसरा चिंग यी यांचा, जवळजवळ एकच गोष्ट दाखवली: बिघडलेला मेद आत गेला की सीडी८ पेशींच्या पडद्यातल्या मेदाचं ऑक्सिडेशन सुरू होतं, हल्ल्याचा इशारा देणारं इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन बनवणं मंदावतं, आणि शेवटी पेशी फेरोप्टोसिसने मरते. फेरोप्टोसिस म्हणजे लोहाच्या मदतीने मेद 'गंजून' होणारा पेशीमृत्यू. हे नाव २०१२ मध्ये ब्रेंट स्टॉकवेल यांच्या प्रयोगशाळेतून आलं. जीपीएक्स४ हे गंज रोखणारं प्रथिन सीडी८ पेशींत वाढवलं की त्या पुन्हा कामाला लागल्या.

म्हणजे एकच प्रथिन, एकच मेद. आवर घालणारी पेशी त्यावर पोसली जाते आणि मारणारी पेशी त्यानेच मरते.

डेंड्रिटिक पेशींचंही थोडक्यात सांगतो. टी पेशींना 'शत्रू असा दिसतो' हे दाखवणाऱ्या या पेशी. गॅब्रिलोविच यांच्या गटाने २०१० मध्येच दाखवलं होतं की कर्करोग झालेल्या उंदरांत आणि माणसांतही या पेशींपैकी काही मेदाने गच्च भरतात आणि शत्रूची खूण, म्हणजे प्रतिजन, नीट दाखवू शकत नाहीत. शिकवणाराच गळाठला तर ब्रेक सोडवून उपयोग काय?

---

तिरफळ

वाचला. दोनदा वाचला. म्हणजे चाळीतल्या नळासारखं झालं का? ज्याची बादली आधी लागली त्याचं भरलं, बाकीचे कोरडे?

---

पेशीपुराण

तिरफळ, उपमा अर्धीच लागू पडते. नळावर पाणी जास्त भरलं म्हणून कुणी मरत नाही. इथे सीडी८ पेशी मेद मिळाला नाही म्हणूनही अडू शकते आणि नको तो मेद जास्त मिळाला म्हणूनही मरू शकते.

पहिल्या प्रकारचा पुरावा हार्वर्डच्या मार्शिया हेगिस यांच्या गटाचा, २०२०. जास्त मेदाचा आहार देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांत कर्करोगाच्या पेशींनी आपला कारभार बदलला: पीएचडी३ नावाचं एन्झाइम कमी केलं आणि मेद ओढायला, जाळायला लागल्या. सीडी८ पेशींना तसा बदल करता आला नाही. उंदीर लठ्ठ, पण त्याच्या गाठीतल्या सीडी८ पेशींच्या वाट्याला फॅटी ॲसिड कमी! कर्करोगाच्या पेशींत पीएचडी३ पुन्हा वाढवलं तेव्हा सीडी८ सावरल्या.

---

हिशेबनीस

लेख चांगला आहे, पण माझा नेहमीचा प्रश्न. उंदीर, उंदीर आणि उंदीर. एका प्रयोगशाळेच्या उंदरांत सीडी८ पेशी मेदावाचून अडल्या, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या उंदरांत मेद खाऊन मेल्या. दोन्ही मोठ्या नियतकालिकांत छापून आलं. मग वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?

---

पेशीपुराण

दोन्हींवर, पण प्रत्येकाच्या मर्यादेत. हेगिस यांच्या प्रयोगात प्रश्न इंधनाचा होता, साधी फॅटी ॲसिडं कोण पळवतं याचा. केक आणि यी यांच्या प्रयोगांत मुख्य आरोपी बिघडलेला मेद आणि त्यातून होणारा गंज. गाठीचा प्रकारही फरक पाडतो. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही हवा वेगळी असू शकते, रक्तवाहिनीजवळ एक आणि मधल्या सडक्या भागात दुसरी. 'गाठीत मेद जास्त की कमी' हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. कुठल्या पेशीत, कुठला मेद, कुठल्या अवस्थेत, हे विचारायला हवं.

आणखी एक गुंता: फेरोप्टोसिस फक्त टी पेशींना मारत नाही. मिशिगनच्या वेइपिंग झू यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की पीडी-एल१ (पीडी-१ चा ब्रेक दाबणारं प्रथिन) विरोधी औषधाने जागलेल्या सीडी८ पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, त्याने कर्करोगाच्या पेशींची सिस्टीन (गंज रोखायला लागणारं अमिनो आम्ल) आत घेण्याची सोय बंद पडते, आणि त्या पेशीच फेरोप्टोसिसने मरतात. त्याच गटाचं २०२२चं काम सांगतं की यात ॲराकिडॉनिक ॲसिड हे फॅटी ॲसिड मदत करतं. म्हणजे जो गंज सीडी८ला मारतो तोच तिच्या हातातलं हत्यारही आहे. आता सांगा, रुग्णाला फेरोप्टोसिस वाढवणारं औषध द्यायचं की रोखणारं?

---

चष्मिष्ट

एमएस्सी बायोकेमला आहे. ॲराकिडॉनिक ॲसिड म्हटल्यावर आम्हाला पहिल्यांदा कॉक्स आणि प्रोस्टाग्लँडिन आठवतात. त्याचा इथे संबंध आहे का? परीक्षेत विचारत नाहीत, पण उत्सुकता आहे.

---

पेशीपुराण

चष्मिष्ट, या सगळ्या विषयातला माणसाच्या औषधाला सगळ्यात जवळचा भाग हाच आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

पेशीच्या पडद्यातून ॲराकिडॉनिक ॲसिड सुटतं, कॉक्स-१ आणि कॉक्स-२ ही एन्झाइमं त्यावर काम करतात आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं. ताप, वेदना, सूज यांमागे हेच. आयबुप्रोफेन किंवा सेलेकॉक्सिब घेतल्यावर आराम पडतो तो हे कमी झाल्यामुळे. अनेक गाठी हे प्रोस्टाग्लँडिन बेसुमार बनवतात. २०१५ मध्ये सांतियागो झेलेनाय आणि काएतानो रेइस ए सूझा यांच्या लंडनमधल्या गटाने दाखवलं की उंदरांत गाठीची कॉक्स एन्झाइमं काढून टाकली की प्रतिकारशक्ती तिला ओळखते आणि आटोक्यात आणते. ॲस्पिरिन आणि पीडी-१ विरोधी औषध एकत्र दिल्यावर परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला आला.

मग २०२४ मध्ये म्युनिक आणि लोझान इथल्या दोन गटांनी त्यातली नेमकी कळ दाखवली. इम्युनोथेरपीचा भार ज्यांच्यावर असतो त्या गाठीतल्या मूळ स्वरूपाच्या सीडी८ पेशी. त्या थकलेल्या नसतात, त्यांच्यापासून नवी फौज तयार होते. प्रोस्टाग्लँडिन ई२ त्यांच्यावरच्या ईपी२ आणि ईपी४ या ग्राहींना चिकटतं आणि इंटरल्युकिन-२ चा 'वाढा' असा निरोप त्यांना ऐकूच येईनासा होतो. निरोप नाही तर वाढ नाही. लोझानच्या गटाने गाठीतून काढलेल्या माणसांच्या टी पेशींवरही हे पाहिलं, आणि तिथे पुन्हा फेरोप्टोसिस आलंच.

---

गोदाकाठ

मी इथे फक्त वाचते, कधी लिहिलं नाही. आज लिहावंसं वाटलं. सासऱ्यांना जिभेचा कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशननंतर परत आलाय. त्यांना गोळ्यांची केमो सुरू आहे, त्यात मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचं कमी डोसचं सलाईन. तुम्ही म्हणता तीच का ही सेलेकॉक्सिब? मला वाटत होतं ती दुखण्यासाठी दिलीय. डॉक्टर खूप घाईत असतात, विचारायला संकोच वाटतो.

---

ऑन्को_विदर्भ

गोदाकाठताई, हो, तीच. मी मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे पेशीपुराण यांच्याऐवजी मी लिहितो.

तुमच्या सासऱ्यांना सुरू आहे ती पद्धत मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तपासली गेली. विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांची चाचणी, रुग्ण १५१. एका गटाला त्या तीन गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि तीन आठवड्यांनी २० मिग्रॅ निवोलुमॅब. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिग्रॅ असतो, म्हणजे हा दहाव्या हिश्श्याहूनही कमी. एक वर्षाने हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. पूर्ण डोस परवडणारे रुग्ण माझ्या ओपीडीत बोटावर मोजण्याइतके असतात, त्यामुळे या आकड्यांचं मोल मला वेगळं सांगायला नको.

या पद्धतीत सेलेकॉक्सिब गाठीला होणारा रक्तपुरवठा आणि सूज कमी करावी यासाठी आहे. दुखणं कमी झालं तर ते वरचं.

डॉक्टरांना जरूर विचारा. प्रश्न कागदावर लिहून न्या, दोन-तीनच न्या. घाईतला डॉक्टरही कागद बघून थांबतो.

---

चष्मिष्ट

म्हणजे त्या चाचणीत सेलेकॉक्सिबने प्रोस्टाग्लँडिन कमी केलं आणि म्हणून इतक्या कमी निवोलुमॅबनेही काम झालं, असं म्हणता येईल?

---

पेशीपुराण

म्हणावंसं फार वाटतं, पण म्हणता येत नाही. सेलेकॉक्सिब दोन्ही गटांत होतं. त्या चाचणीने निवोलुमॅबचा वाटा मोजला, सेलेकॉक्सिबचा नाही. त्यासाठी निवोलुमॅब सेलेकॉक्सिबसह आणि सेलेकॉक्सिबशिवाय अशी तुलना लागेल. शिवाय थोड्या निवोलुमॅबनेही पीडी-१ बराचसा झाकला जातो, हे स्वतंत्र कारण आहेच.

तशी तुलना चीनमध्ये मोठ्या आतड्याच्या एका विशिष्ट, डीएनए-दुरुस्ती बिघडलेल्या कर्करोगात झाली. ऑपरेशनआधी टोरिपालिमॅब हे पीडी-१ विरोधी औषध, सेलेकॉक्सिबसह किंवा त्याशिवाय. सेलेकॉक्सिब घेतलेल्या १७ पैकी १५ जणांच्या काढलेल्या आतड्यात कर्करोग उरला नव्हता, न घेतलेल्या १७ पैकी ११ जणांच्या. आकडे छान दिसतात, पण एकूण रुग्ण ३४, आणि चाचणी दोन गटांत स्पर्धा लावण्यासाठी आखलेलीच नव्हती. हिशेबनीस आता तुटून पडतीलच.

---

हिशेबनीस

पडणार होतो, तुम्हीच पडलात. :)

---

ऑन्को_विदर्भ

आणि इतर वाचकांसाठी: सेलेकॉक्सिब मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका. जास्त डोसात, जास्त काळ घेतल्यास हृदयविकाराचा धोका वाढतो, हे २००५ साली आतड्यातल्या पॉलिप्सच्या चाचणीत स्पष्ट दिसलं होतं. मूत्रपिंडावरही ताण येतो. आणि इम्युनोथेरपी स्वतःच कधी कधी मूत्रपिंडाला सूज आणते, तेव्हा दोन्हींतला दोषी कोण हे शोधताना आमची पंचाईत होते.

---

लोणकढी

एवढं सगळं वाचून मला एकच कळलं. साखर बंद करा. कर्करोग साखर खातो हे वॉरबुर्गने शंभर वर्षांपूर्वी सांगितलं. किटो करा, म्हणजे भात-पोळी जवळपास बंद आणि मेद भरपूर, घरचं साजूक तूप खा, टी पेशींना चांगला मेद मिळेल. आपल्या आज्या वेड्या नव्हत्या.

---

पेशीपुराण

लोणकढी, आज्यांबद्दल वाद नाही. किटोबद्दल आहे.

किटोच्या बाजूने पुरावा आहे. फ्रान्समध्ये लॉरेन्स झित्व्होगेल यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांत दाखवलं की किटो आहाराने, आणि त्यात तयार होणाऱ्या कीटोन बॉडीने, पीडी-१ विरोधी औषधाचा गुण वाढतो. पण २०२३ मधला दुसरा प्रयोग बघा. कर्करोगाने खंगत जाणाऱ्या उंदरांना किटो दिलं. गाठीची वाढ मंदावली, तीही फेरोप्टोसिसमुळेच. पण उंदीर लवकर खंगले आणि लवकर मेले, कारण या अवस्थेत लागणारं कॉर्टिकोस्टेरॉन हे हार्मोन त्यांना पुरेसं बनवता आलं नाही. गाठ लहान, उंदीर मेलेला. जिभेच्या कर्करोगाचा रुग्ण आधीच गिळता येत नाही म्हणून वाळत असतो. त्याची भाकरी-भात बंद करण्याआधी हा प्रयोग आठवावा.

आता तूप. इथे मजा आहे. शिकागो विद्यापीठाच्या जिंग चेन यांच्या गटाने २०२३ मध्ये ट्रान्स-व्हॅक्सेनिक ॲसिड या फॅटी ॲसिडवर काम प्रसिद्ध केलं. हे गाई-मेंढ्यांच्या मांसात आणि दुधाच्या मेदात असतं. उंदरांत त्याने सीडी८ पेशी तेज झाल्या, गाठी कमी वाढल्या. आणि लिम्फोमासाठी कार-टी (प्रयोगशाळेत बदल करून दिलेल्या टी पेशी) घेतलेल्या रुग्णांत ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांना गुण जास्त आला. तुम्ही खूश? थांबा. २०२५ मध्ये लिडिया लिंच आणि हेगिस यांच्या गटांनी उंदरांना वेगवेगळे मेद देऊन सारखंच लठ्ठ केलं. लोणी, डुकराची चरबी आणि गाईची चरबी यांवर लठ्ठ झालेल्या उंदरांत टी पेशी मंदावल्या आणि गाठी फोफावल्या. खोबरेल, पाम तेल आणि ऑलिव्ह तेलावर तितकेच लठ्ठ झालेल्यांत तसं झालं नाही.

म्हणजे दुधाच्या मेदातलं एक फॅटी ॲसिड टी पेशींचं मित्र आणि अख्खं लोणी शत्रू. तूप दोन्ही प्रयोगांत नव्हतं. यातून उद्याच्या जेवणाचा नियम काढायचा असेल तर काढा, मला जमत नाही.

---

तिरफळ

खोबरेल निर्दोष सुटलं हे वाचून कोकण आणि गोवा दोन्ही निवांत झोपले. पाम तेलाचं मात्र नवल वाटलं. ते तर सगळीकडे खलनायक असतं ना? बिस्किटं, फरसाण, हॉटेलातली तळणी...

---

पेशीपुराण

दुसऱ्या एका प्रयोगात ते खलनायकच आहे. बार्सिलोनाच्या साल्व्हादोर अस्नार-बेनिताह यांचं काम, आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखं, कारण ते मुखकर्करोगावर आहे. २०१७ मध्ये त्यांनी माणसाच्या मुखकर्करोगाच्या पेशी उंदरांत घातल्या. त्यातल्या थोड्याच पेशींवर सीडी३६ भरपूर होतं आणि त्याच शरीरभर पसरत होत्या. सीडी३६ ला अडवणारी प्रतिपिंडं दिल्यावर पसरणं जवळजवळ थांबलं. पाम तेलात भरपूर असणाऱ्या पामिटिक ॲसिडने पसरणं वाढलं. २०२१ मध्ये तर त्यांनी दाखवलं की पामिटिक ॲसिड काही काळ खाऊ घालून बंद केलं तरी कर्करोगाच्या पेशींत त्याची आठवण राहते.

पण बारकाईने बघा. माणसाच्या पेशी उंदरात तगाव्यात म्हणून तो उंदीर प्रतिकारशक्ती नसलेलाच घ्यावा लागतो. त्याच्यात टी पेशी नसतात. तेव्हा तो प्रयोग गाठ कशी पसरते हे सांगतो, इम्युनोथेरपीबद्दल काही सांगत नाही. लिंच यांच्या उंदरांना टी पेशी होत्या, पण तिथे पसरणं हा प्रश्न नव्हता. बातम्यांत दोन्हींचा मथळा एकच येतो: 'अमुक तेल आणि कर्करोग'.

सीडी३६ अडवण्याची कल्पना मला आवडते ती यामुळे की तिन्ही ठिकाणी ते एकाच बाजूला झुकतं: कर्करोगाची पेशी कमी पसरते, ट्रेग उपाशी, सीडी८ वाचते. अशी जुळणी क्वचित मिळते. अडचण ही की सीडी३६ हृदयाच्या स्नायूंत, प्लेटलेटवर, मेदपेशींवरही आहे. हृदय आपली बरीचशी ऊर्जा मेदातूनच मिळवतं.

---

हिशेबनीस

एक प्रश्न माणसांचा. लठ्ठ माणसांना इम्युनोथेरपी जास्त लागू पडते असं वाचलं होतं. ते खरं असेल तर वरचे लठ्ठ उंदीर खोटे पडतात.

---

ऑन्को_विदर्भ

लॅन्सेट ऑन्कॉलॉजी, २०१८. पसरलेल्या मेलानोमाचे (त्वचेच्या एका कर्करोगाचे) रुग्ण. इम्युनोथेरपी किंवा टार्गेटेड औषधं घेणाऱ्यांत लठ्ठ पुरुष जास्त जगले. स्त्रियांत तसं दिसलं नाही, जुन्या केमोतही नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गटाने एक स्पष्टीकरण दिलं: लठ्ठपणात लेप्टिन या मेदपेशींतल्या हार्मोनमुळे टी पेशींवर पीडी-१ आधीच चढलेला असतो, टी पेशी दमलेल्या असतात. म्हणून गाठ जोरात वाढते. पण म्हणूनच पीडी-१ सोडवणारं औषध तिथे जास्त लागू पडतं. अडथळा नेमका तोच असेल तर तो काढल्याचा फायदाही जास्त. म्हणजे उंदीर खोटे पडत नाहीत.

पण भारतीय रुग्णाला हे लावताना मी दहादा विचार करतो. त्या अभ्यासात लठ्ठपणा मोजला बीएमआयने, म्हणजे उंची-वजनाच्या हिशेबाने. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २००४ मधला लॅन्सेटमधला फोटो आठवा. शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातला मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. आपल्याकडे काटक दिसणाऱ्या माणसाच्या पोटात, यकृतात किती मेद आहे ते बीएमआय सांगत नाही. मग तिकडचा 'लठ्ठांना गुण जास्त' हा निष्कर्ष इकडे कुणाला लावायचा?

---

चष्मिष्ट

डॉक्टर, यकृताचा उल्लेख केलात म्हणून विचारते. फॅटी लिव्हरमधून होणाऱ्या कर्करोगात इम्युनोथेरपी चालत नाही हे खरं?

---

ऑन्को_विदर्भ

'चालत नाही' इतकं सरळ नाही. २०२१ मध्ये जर्मनीच्या हाइकनवाल्डर यांच्या गटाचं काम आलं. फॅटी लिव्हर सुजून झालेल्या यकृताच्या कर्करोगात उंदरांच्या यकृतात पीडी-१ असलेल्या सीडी८ पेशी भरपूर होत्या, पण त्या गाठीला मारण्याऐवजी यकृतालाच इजा करत होत्या. पीडी-१ विरोधी औषध दिल्यावर गाठी उलट वाढल्या. त्याच लेखात माणसांच्या तीन मोठ्या चाचण्यांचे १,६०० हून अधिक रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा हिपॅटायटिस बी-सीमुळे झालेल्या कर्करोगात इम्युनोथेरपीचा फायदा दिसला, विषाणू नसलेल्यांत दिसला नाही. पण विषाणू नसलेल्यांत दारूवालेही येतात, आणि नंतरच्या चाचण्यांतलं चित्र मिश्र आहे. फॅटी लिव्हर आहे म्हणून रुग्णाला इम्युनोथेरपी नाकारायची, असं आज कुणी करत नाही. मीही करत नाही.

---

गोदाकाठ

परवा डॉक्टरांकडे कागद नेला. त्यांनी खरंच थांबून उत्तरं दिली. सेलेकॉक्सिब चालू ठेवायची, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) दर वेळी बघायचं. खाण्यात काही बंद करायचं नाही, वजन उतरू द्यायचं नाही. त्यामुळे नाचणीची पेज, दूध, अंडं, मऊ भात, वरून तूप, सगळं सुरू.

अजून एक विचारायचं राहिलं होतं. सासऱ्यांना कोलेस्टेरॉलची गोळी आहे, अटोरव्हास्टॅटिन, बऱ्याच वर्षांपासून. आणि लिपिड प्रोफाइल केलं तर या गाठीतल्या मेदाबद्दल काही कळतं का?

---

पेशीपुराण

गोदाकाठताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही कळत. लिपिड प्रोफाइल रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा आणि ट्रायग्लिसराइडचा हिशेब देतं. गाठीतल्या कुठल्या पेशीने काय आत घेतलंय ते त्यात उतरत नाही. तुकडा घेऊन त्यातल्या मेदाचा नकाशा काढणारी यंत्रं संशोधनात आहेत, रोजच्या तपासणीत नाहीत.

कोलेस्टेरॉलचा टी पेशींशी संबंध मात्र आहे, आणि तोही दोन तोंडांचा. शांघायच्या शू चेन्छी यांच्या गटाने २०१६ मध्ये उंदरांत एसीएटी१ हे एन्झाइम अडवलं. ते कोलेस्टेरॉल पेशीच्या आत साठवून टाकतं. ते अडवल्यावर सीडी८च्या पडद्यात कोलेस्टेरॉल वाढलं आणि त्या गाठीला जास्त जोमाने भिडल्या. तीन वर्षांनी यी यांच्या गटाने दाखवलं की गाठीतलं कोलेस्टेरॉल आत साचल्याने सीडी८ थकतात. पडद्यात हवं, आत साचायला नको, असा काहीसा मेळ लागतो. एसीएटी अडवणारं अव्हासिमाइब हे औषध पूर्वी रोहिणीकाठिण्यासाठी (रक्तवाहिन्यांत मेद साचून त्या कडक होणं) माणसांना देऊन पाहिलं होतं; तिथे उपयोग झाला नाही. पीसीएसके९ हे एलडीएलशी निगडित प्रथिन अडवलं तर कर्करोगाच्या पेशी स्वतःची ओळख जास्त दाखवतात, असं ड्यूक विद्यापीठातून २०२० मध्ये आलं, तेही उंदरांत.

---

ऑन्को_विदर्भ

अटोरव्हास्टॅटिन चालू राहू द्या, ते हृदयासाठी आहे. स्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा गुण जास्त आला असं जुन्या नोंदी चाळून केलेल्या काही अभ्यासांत दिसतं, पण चाचणी करून कुणी ते सिद्ध केलेलं नाही, म्हणून नव्याने कुणाला सुरू करत नाही. पाय किंवा दंड खूप दुखायला लागले, अशक्तपणा आला, पापणी उतरली किंवा दम लागला तर मात्र 'स्टॅटिनमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. निवोलुमॅबनेही स्नायूंना, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. त्याच दिवशी दाखवा आणि सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी करून घ्या.

---

गोदाकाठ

लिहून घेतलं. पुढचं सलाईन सोमवारी आहे, तेव्हा सीपीके त्याच रक्तात सांगते.